निकिताच्या लग्नाची पत्रिका

“पत्रिकेत माह्यं नाव काहून नाही?”

सुदामकाकांनी फोनवर नमस्कार-चमत्कार काहीच केला नाही. अंकुर यवतमाळच्या आपल्या भाड्याच्या खोलीत खिचडीला फोडणी देत होता. त्याने गॅस बंद केला.

“काका, कोणाचंच नाही. आजोबाचं अन् आई-बाबाचं, बस.”

“माही पुतणी हाय ना ते? तिच्या बारशाचा पाळणा म्या आणला होता. मंग आता मी का मेलो?”

“तसं नाही काका. पत्रिका सुटसुटीत दिसावी म्हणून…”

“सुटसुटीत पाह्यजे तं पाहुणेही सुटसुटीतच बोलवा,” असं म्हणून काकांनी फोन ठेवला.

सकाळपासूनचा हा सातवा फोन. आधी मोठे मामा, मग धाकटे मामा, मग चुलत जावई. जावयांचा फोन मात्र त्यांच्या बायकोनं केला होता, कारण जावई स्वतः बोलण्याच्या पलीकडे गेले होते. त्याच्या बहिणीच्या, निकिताच्या लग्नपत्रिकेचा फोटो काल रात्री घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडला आणि पहाटेपर्यंत अर्ध्या खानदानाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

दोष अंकुरचाच होता. घाटंजीजवळच्या त्यांच्या गावात कुणाचं लग्न निघालं की पत्रिका ठरलेली असे. वर गणपती, खाली मोरपीस, मग विनीत, निमंत्रक, व्यवस्थापक, कार्यवाहक आणि शेवटी बालगोपाल मंडळी. साठ-सत्तर नावं सहज भरत. पत्रिका हातात पडली की माणूस आधी आपलं नाव शोधी, तारीख नंतर बघी. मानपान म्हणतात तो हाच, आणि तो अंकुरला जन्मापासून ठाऊक होता. पण दोन वर्षांत त्याच्या डोक्यात दुसरंच काही शिरलं होतं.

तो यवतमाळला बी. कॉम. करायला आला तेव्हा त्याला पुस्तकांचं वेड वगैरे काही नव्हतं. कॉलेजच्या ग्रंथालयात कूलर होता, म्हणून तो तिथं बसू लागला. खोटं कशाला बोला. वर्गातली बरीच पोरं रोज एसटीनं ये-जा करीत. तास संपले की ती स्टँडकडे पळत आणि हा एकटा मागं उरे. रिकाम्या हाताला काहीतरी हवं म्हणून त्यानं एक पुस्तक उघडलं, मग दुसरं. मराठीच्या पद्मजा मॅडमनी एकदा ‘माझे गाव’ हा त्याचा निबंध परत दिला तेव्हा त्यातल्या बावीस ओळींपैकी पंधरा ओळींवर लाल रेघ होती. अंकुरला राग आला. खोलीवर येऊन त्यानं उरलेल्या सात ओळी वाचल्या आणि तो चाट पडला. त्या सात ओळींत गाव होतं. पंधरा ओळींनी ते झाकून टाकलं होतं.

तेव्हापासून त्याला चटकच लागली. कॉलेजच्या नाटकाच्या तालमीला तो मागच्या बाकावर जाऊन बसे. त्यात आभा नावाची मुलगी एक शब्द न बोलता नुसतं लुगडं घडी करायची, आणि ती घडी पुरी होईपर्यंत अंकुर श्वास घ्यायचं विसरे. तालीम संपली की हे कुणाला तरी सांगावं असं त्याला फार वाटे. सांगायला कुणी नसे. मग तो पोस्टल ग्राउंडला दोन फेऱ्या मारी आणि खोलीवर येऊन कुलूप उघडी. आपल्याला काहीतरी मोठं सापडलंय आणि ते वाटून खायला जगात माणूस नाही, हे दुःख त्याला त्या वयात चांगलंच झोंबत होतं.

गावी तरी काय वेगळं होतं! बाबांना सांगावं तर ते विचारत, “पेपर कधी हायत?” आईला सांगावं तर ती म्हणे, “डोळे खराब होतीन.” उरली विजयमाला आत्या.

आत्या लग्न होऊन पुसदकडे गेली होती आणि दोन वर्षांत परत आली होती. का आली, ते घरात कुणी बोलत नसे. त्याला आता सव्वीस वर्षं झाली. तिचा नवरा हयात होता, कपाळाला कुंकू होतं, पण कुठल्याच घरची म्हणून तिची गणती होत नव्हती. कपाशी वेचायला ती, पाहुण्यांचा स्वयंपाक तिचा, दुखणाईताच्या उशाशी तीच. चौथीपर्यंत शिकलेली. अंकुर सुट्टीत आला की तुरीची डाळ निवडता निवडता ती म्हणे, “वाच ना बावा काही.” तो वाची. ती मधेच हात थांबवून विचारी, “मंग त्या बाईचं काय झालं?” तिच्या या एका प्रश्नासाठी अंकुर पंधरा-पंधरा दिवस गोष्टी जमवून ठेवी.

निकिताचं बाभुळगावच्या अभिषेकशी ठरलं तेव्हा बाबा म्हणाले, “पत्रिका अंकुर लिहीन. आता लेखक झाला ना तो!” थट्टाच होती, पण अंकुरनं ती मनावर घेतली. आठ दिवस खपून त्यानं चार ओळी लिहिल्या: ‘आमची निकिता आणि बाभुळगावचे अभिषेक यांचं लग्न आहे. अंगणात मांडव घातला आहे. तुम्ही आलात की तो भरेल. या.’ खाली दिवस, वेळ, पत्ता आणि तीन नावं. बाकीच्या नावांवर त्यानं स्वतःच्या हातानं लाल रेघ मारली होती.

ते त्यानं सगळ्यांत आधी आत्याला वाचून दाखवलं होतं. तिनं सूप खाली ठेवलं.

“या… बस, येवढंच?”

“येवढंच.”

“कोणी मले असं बोलावलं असतं,” आत्या म्हणाली, “तं म्या पायी गेली असती.”

एवढी मोठी दाद त्याला पद्मजा मॅडमनीही दिली नव्हती.

पण दाद वेगळी आणि सोयरे वेगळे. संध्याकाळी बाबांचा फोन आला. आवाज दमलेला होता.

“सुदाम मांडवात पाय ठेवत नाही म्हणून राह्यला. तुह्या आईचे भाऊ रुसून बसले. अंकुर, तुही ते चार वळी चांगल्याच असतीन, मी नाही म्हणत नाही. पण मले पोरीचं लगन करा लागते. उद्या घाटंजीले ये अन् नवीन छापून घे.”

अंकुर गेला. प्रेसमध्ये नयनभाऊ कॉम्प्युटरपुढे बसले होते. “सांगा,” ते म्हणाले. अंकुरनं मोबाइल काढला, आलेले फोन आणि मेसेज एकेक बघत नावं सांगत गेला. सुदामकाका, मोठे मामा, धाकटे मामा, जावई, त्यांचे भाऊ, त्यांची चिल्लीपिल्ली. नावं वाढत गेली तशी अक्षरं बारीक होत गेली. शेवटी नयनभाऊ म्हणाले, “भाऊ, वरचं मजकुराचं काही कमी करा लागते.” मजकूर नेहमीचा घातला गेला. अंकुरच्या चार ओळी गेल्या आणि तो बघत बसला. ज्यानं ज्यानं भांडण केलं होतं त्याचं त्याचं नाव आलं. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, हे काही उगाच म्हणत नाहीत.

पत्रिकांचे गठ्ठे घेऊन तो घरी पोचला. आत्या पडवीत हळदकुंकवाची वाटी घेऊन बसलीच होती. प्रत्येक पत्रिकेच्या चार कोपऱ्यांना बोट लावायचं, मग ती वाटायला जायची. तिनं पहिली पत्रिका उचलली. हात लुगड्याला पुसला. नावांवरून बोट फिरवत ती खाली खाली गेली, बालगोपाळांपर्यंत. मग पत्रिका उलटून पाहिली. मागची बाजू कोरी होती. तिनं परत पुढची बाजू वाचली.

अंकुरला वाटलं, ती त्याच्या ओळी शोधते आहे.

“काढलं आत्या त्यांनी. जागाच नाही उरली.”

“हौ,” आत्या म्हणाली. “दिसून नाही राह्यलं.”

मग तिनं कोपऱ्यांना बोटं लावायला सुरुवात केली. त्या दिवशी तिनं ‘वाच ना बावा’ म्हटलं नाही. आपल्या ओळी गेल्याचं दुःख या घरात एकट्या आत्याला झालं, या विचारानं अंकुरला तेवढ्यातही बरं वाटलं होतं.

लग्न थाटात झालं. सुदामकाकांनी दारात उभं राहून पाहुण्यांना गुलाबपाणी शिंपडलं. अक्षता पडल्यावर पंगती बसल्या. अंकुर पाण्याचा जग घेऊन वाढत होता. बायकांच्या पंगतीत पुसदच्या शेवंताबाई होत्या, आत्याच्या तिकडच्या ओळखीच्या आणि घरातल्या दर लग्नाला येणाऱ्या. त्यांनी पिशवीतून पत्रिका काढून डोळ्यांजवळ धरली होती. आत्या भाजी वाढायला वाकली तशी त्या मोठ्यानं म्हणाल्या, “काहून वो विजू, तुह्यं नाव कुठीसा नाही याच्यात? दरखेपी तं राह्यते ना शेवटी. म्या दोनदा पाह्यलं.”

अंकुरचा हात थांबला. पेल्यातून पाणी पत्रावळीत सांडलं.

दर वेळी असायचं. काकांच्या लग्नात, चुलत बहिणीच्या लग्नात, सगळ्यांत खाली, बालगोपाळांच्याही नंतर, ‘विजयमालाबाई’. ते नाव जगात दुसऱ्या कुठल्याच कागदावर छापलं जात नव्हतं. एकदा त्यानं त्याच्यावर रेघ मारली, आणि दुसऱ्यांदा आत्यानं फोन केला नाही म्हणून ते सांगितलंच नाही. शब्दाशब्दाची पारख करायला निघालेल्या अंकुरला एवढं साधं कळलं नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

आत्यानं शेवंताबाईंना आणखी एक पळी भाजी वाढली.

“म्याच नको म्हणलं,” ती म्हणाली. “आमचा अंकुर तं टाकूनच राह्यला होता, ऐकेच ना. म्या म्हणलं, राहू दे बावा, थोळ्या जागेत किती नावं कोंबशीन! लय चांगलं लिहिते वो तो. तुमी त्याची पयली पत्रिका पाहाले पाह्यजे होती.”

“हौ का?” शेवंताबाई म्हणाल्या आणि पत्रिका घडी करून पिशवीत ठेवली.

आत्या पुढच्या पानाकडे सरकली. तिनं अंकुरकडे पाहिलंही नाही.

दुपार कलल्यावर गर्दी ओसरली. आत्या मांडवामागं मोठी पातेली घासायला काढून ठेवत होती. अंकुर तिच्याजवळ जाऊन उभा राहिला.

“आत्या, चुकलं माह्यं.”

तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. पदरानं कपाळ टिपलं.

“जेवला का तू?”

“नाही.”

“मीही नाही,” आत्या म्हणाली. तिनं दोन पत्रावळी मांडल्या, उरलेला भात आणि वरण वाढलं आणि दोघं तिथंच पातेल्यांच्या मधे बसले. मांडवात निकिताचे फोटो चालले होते; सुदामकाका एकेकाचं नाव घेऊन माणसं फोटोला बोलवत होते. दोघांचं जेवण होईस्तोवर तिकडून कुणी हाक मारली नाही.