वरून सुकलेला बोंबील

सोमवारपासून श्रुतिकाला ताप होता, खोकलाही. बुधवारी शाळेच्या कबड्डी संघाची उपांत्य फेरी होती आणि ती संघाची कर्णधार. त्या दिवशी सकाळी तिची आई, कमळ, थर्मामीटर घेऊन माझ्या दारात आली. मी शाळेतून निवृत्त झाले, तरी वर्सोव्यातल्या आमच्या गल्लीतली पोरं अजून माझ्याकडेच अभ्यासाला येतात.

"बाई, बघा, ताप गेला. पाठवू ना खेळायला?"

"गोळी कधी दिलीस?"

"तासाभरापूर्वी."

"मग हा गोळीचा आकडा आहे, पोरीचा नाही. गोळीशिवाय पूर्ण एक दिवस ताप येऊ नये, खोकलाही कमी व्हावा. मग पाठव."

श्रुतिका मागेच उभी होती. "बाई, मॅच आज आहे. माझ्याशिवाय त्यांची वाट लागेल."

कमळ शेजारच्या आपल्या अंगणातल्या, मासळी सुकवायच्या वलांडीकडे वळली. बांबूंवर ओळीनं टांगलेले बोंबील चाचपून ती टोपलीत टाकू लागली. एक तिनं दाबला आणि परत टांगला.

"सुकलाय की तो," श्रुतिका म्हणाली.

"वरून. आत ओलाच आहे. हा पोत्यात गेला तर सगळं पोतं नासेल."

श्रुतिका त्या बोंबलाकडे बघत राहिली. मग तिनं संघातल्या मैत्रिणीला फोन लावला.

"दर्शना, आज तू कर्णधार. मी अजून नीट सुकले नाही."

"काय बडबडतेस गं? ताप डोक्यात गेला का?"

"नंतर सांगते. डावा कोपरा सांभाळ."

दुपारी गोळीचा अंमल उतरला आणि ताप एकशे एकवर गेला. संध्याकाळी दर्शनाचा फोन आला. "एका गुणानं जिंकलो."

गुरुवारी रात्री ताप उतरला, तो परत आला नाही. शुक्रवार, शनिवार गोळीविना गेले. खोकलाही जवळपास थांबला. रविवारी अंतिम सामन्याला श्रुतिका मास्क लावून, स्वतःची पाण्याची बाटली घेऊन गेली. संघातल्या साऱ्या जणी ठणठणीत होत्या.

कबड्डीच्या सरांनी तिला शेवटच्या चार मिनिटांसाठीच उतरवलं. उतरताना तिनं मास्क कडेला उभ्या आईच्या हातात दिला. गुण बरोबरीत, शेवटची चढाई. श्रुतिका पलीकडे गेली.

"कबड्डी, कबड्डी, कबड्डी..."

एक ठसका लागला असता तरी दम तुटला असता. तिनं दोघींना शिवलं. तिसरीनं घोटा धरला, तिलाही ओढत नेत श्रुतिकानं मधली रेघ गाठली. आवाज कुठे तुटला नाही.

दर्शनानं तिला उचलून घेतलं.

"सुकलीस का गं आता?"

"खडखडीत," श्रुतिका म्हणाली.