लिथियमसाठी देव पाण्यात

देविकाच्या आईने देव पाण्यात घातले ते लिथियमसाठी.

झालं असं, की जड हायड्रोजन आणि हेलियम यांची केंद्रकं समोरासमोर आली की एकमेकांना ढकलून देतात. क्वचित एखादी जोडी जमते, लिथियम तयार होतं आणि एक गॅमा किरण सुटतो. किती क्वचित, हे सांगणारी रेषा देविकाने गणितं करकरून काढली होती. युरोपातल्या एका गटाची रेषा तिच्या दुप्पट उंच. आता डोंगराखालच्या एका प्रयोगशाळेत खरी मोजणी चालली होती. मोजणीचा ठिपका देविकाच्या रेषेवर पडला तर पीएचडीचा प्रबंध, नाहीतर इथेच झाशीत ओरछा गेटच्या कोचिंगमध्ये अकरावीला शिकवणं. तिच्या मार्गदर्शक सरांनी तसं स्वच्छ सांगितलं होतं.

"क्वचित म्हणजे किती गं?" आईने विचारलं होतं.

"अब्जावधी टकरींत एखादी."

"झाशीतली मराठी स्थळं त्याहून कमी आहेत," म्हणत आईने तपेलं भरलं.

मोजणी महिनोन्‌महिने लांबली. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खंडोबाचा टाक, सगळे बुडालेलेच. शेजारच्या स्नेहलताजी रोज डोकावायच्या. "सरला भाभी, भगवान जी को निमोनिया करवाओगी क्या?" तेव्हापासून आई पाणी कोमट करून घालू लागली.

देविकाची धाकधूक कधीच आटली होती. कुणी विचारलं तर "हां, चल रहा है" म्हणायची. पोळी कोरडीच खाऊन उठायची. भाजी ताटात तशीच.

एका दुपारी सरांची मेल आली. आलेखात ठिपका दोन्ही रेषांच्या मधोमध पडला होता. मोजणीत चूक किती असू शकते हे दाखवणारी उभी काठी त्यातून निघालेली. खालचं टोक देविकाच्या रेषेला टेकलेलं, वरचं युरोपवाल्यांच्या. खाली सरांनी लिहिलं होतं, 'दोघेही बरोबर असू शकता. अजून तीन वर्षं मोजणार आहेत. तोवर प्रबंध थांबवू.'

"काय आलं?" आई दारात.

"माझंही बरोबर. त्यांचंही."

"मग देव काढू की ठेवू?"

देविकाने आत चाचपून पाहिलं. हसू नव्हतं, रडूही नव्हतं. "माहीत नाही."

आईने जरा विचार केला. मग बाळकृष्ण तेवढा बाहेर काढून पदराने पुसला. "हा लहान आहे. बाकीचे मोठे आहेत, बसतील."

"बरं," देविका म्हणाली. सरांना काय लिहावं ते सुचेना. फोनने आपणहून तीन तयार उत्तरं पुढे केली. तिने पहिल्यावर बोट ठेवलं. 'ग्रेट न्यूज, थँक यू!' गेलं.