दहा मैलांत शंभर फूट कमी

मोजणीची साखळी बोलतेय मी. दोन टोकांना पितळी मुठी, मधे लोखंडी तारेचे शंभर दुवे, लांबी सहासष्ट फूट. अशा ऐंशी साखळ्या एकापुढे एक टाकत गेलं की मैल भरतो. माझ्यासारखं खरं जगात काही नाही, असं मला फार वर्षं वाटत होतं.

१९२२ साली मी आगबोटीनं रत्नागिरीच्या बंदरात उतरले. माझं खोकं फोडलं ते भागोजीनं. तो बांधकाम खात्यातला साखळीवाला. दिवसभर जांभ्याच्या लाल धुळीतून मला ओढायचा आणि संध्याकाळी खोबरेलाच्या फडक्यानं दुवा न् दुवा पुसायचा. त्याची लेक तुळसा हसायची. "बाबा, येवडा त्याल माज्या केसांना पन नाय मिळत!"

पुढे तुळसाचं लग्न केरूशी झालं. केरू डाकेचा हरकारा. पाठीवर टपालाची पिशवी, हातात घुंगरांची काठी, आणि पालीच्या वाटेवर रोजची धाव. चढ आला तरी त्याच्या घुंगरांचा ठेका बदलत नसे. रस्त्याकडेला मला उलगडून बसलेला भागोजी तो ठेका लांबून ओळखायचा आणि त्याचा चेहरा खुलायचा.

१९३४ च्या थंडीत गावातल्या हौशी मंडळींनी दहा मैलांची शर्यत ठेवली. गावातून निघायचं, खेडशीच्या पुढे रोवलेल्या निशाणाला वळसा घालायचा आणि त्याच रस्त्यानं परतायचं. केरू पंचावन्न मिनिटं एकेचाळीस सेकंदांत परत आला. पंचांची तिन्ही घड्याळं एकच सांगत होती. मुंबई इलाख्यातल्या विक्रमापेक्षा ही वेळ नऊ सेकंदांनी कमी होती!

विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या मुंबईच्या संस्थेला तार गेली. उलट पत्र आलं, ते वाचून सगळे जरा गंभीर झाले. रस्ता मैलाच्या दगडांवरून धरलेला चालणार नाही. साखळीनं मोजून दाखला पाठवा. अंतर एक यार्ड जरी कमी भरलं, तरी वेळ विक्रमाला धरली जाणार नाही.

साखळी म्हणजे मी, आणि मोजणारा भागोजी.

दोन दिवस आम्ही मोजत होतो. बांधकाम खात्याचे ओव्हरसियर वहीत खुणा करत होते. निशाणापाशी बरोबर चारशे साखळ्या भरल्या, वर हातभर अंतर उरलं. जाऊन येऊन दहा मैल पुरे! लोकांनी केरूला खांद्यावर घेतलं. भागोजी मात्र मला गुंडाळत खाली बघत राहिला. का, ते फक्त मला ठाऊक होतं.

त्याआधीच्या पावसाळ्यानंतर रस्त्याखालच्या एका मोरीपाशी दगडाखाली सापडून माझा एक दुवा तुटला होता. साहेब रागावतील म्हणून भागोजीनं हाताला लागली ती तार वळवून तिथं बसवली. मी दीड इंच आखूड झाले. तेव्हापासून खडीचे ढीग आणि गटारंच मोजायची होती, म्हणून कुणाला कळलं नाही. कचेरीच्या आवारातल्या खुणांशी मला दर महिन्याला ताडून बघायचं, तेही भागोजीच्याच हाती. पण दीड इंच आठशे वेळा म्हणजे शंभर फूट. तेवढा रस्ता केरू धावलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी दाखल्यावर सही व्हायची होती. सकाळी भागोजी मला खांद्यावर टाकून लेकीच्या दारात गेला. केरू पेज पीत होता. भागोजीनं तो दुवा त्याच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं.

तुळसाच म्हणाली, "बाबा, गप ऱ्हावा. तुमच्याबिगर कोनाला म्हायत हाय?"

केरूनं दुवा उलटापालटा करून पाहिला. "शंभर फुटांना किती येळ लागंल मना?"

"सा सेकंद."

"म्हंजे तरी मी तीन सेकंद फुडंच."

"व्हय. पन नियम तसा नाय, केरू. रस्ता उणा तर येळ बाद."

केरूनं पेजेचं ताट बाजूला सरकवलं.

"मामा, तुमची नोकरी जायल."

"जाऊ दे."

"मग चला. मी पन येतो."

दोघं कचेरीत गेले. ओव्हरसियर खूप ओरडले. भागोजीचं साखळीचं काम सुटलं, त्याला खडी फोडायला बसवलं. त्या वयात! मला भंगारात टाकलं. नव्या साखळीनं रस्ता पुन्हा मोजला आणि निशाण पन्नास फूट पुढे सरकवलं. केरूनं पुन्हा धावायचं ठरवलं.

भागोजीनं मला भंगारातून मागून घेतलं होतं. फाल्गुनातल्या त्या शर्यतीला मी त्याच्या खांद्यावर होते. ऊन तापलेलं. केरू शेवटच्या वळणावर दिसला तेव्हा त्याच्या पावलांचा ठेका मोडला होता. दोरी ओलांडून तो भागोजीच्या अंगावरच कोसळला. पंचावन्न मिनिटं चोपन्न सेकंद. जुन्या विक्रमापेक्षा चार सेकंद जास्त.

भागोजी रडायला लागला. "माज्यामुळं झाला रे ह्या."

केरूला धाप आवरत नव्हती. "रडू नका, मामा. दहा मैल पुरं धावलो. आता कोनी इचारला तर मान वर करून सांगीन."

इलाख्याच्या यादीत त्याचं नाव कधी लागलं नाही. पालीच्या वाटेवर त्याचे घुंगरू मात्र वाजत राहिले.

आता १९३८ साल चालू आहे. तुळसाला उशिरा का होईना, मुलगी झाली. भागोजीनं माझ्या पितळी मुठी काढल्या, मला अनेक पदरी दुमडून आढ्याला बांधलं आणि खाली पाळणा टांगला. दुपारी तोच दोरी ओढत बसतो. खडी फोडून त्याच्या हातांना घट्टे पडलेत, तरी दोरी अगदी हलकी ओढतो. त्याच्या हातचं खोबरेल अजून मला मिळतं, कुरकुरू नये म्हणून.

कुणी मोजणीदार इकडे आलात आणि मला ओळखलंत, तर एवढंच करा. हात लावून बघू नका, मोठ्यानं बोलूही नका. पोर आत्ताच निजलीय.