मोजणीच्या दिवशी घरी असलेली बाई

"उतर खाली, झेलिहा! पोट बघ स्वतःचं. दहा तास बसमध्ये आदळत जाणार आहेस?"

हुरिये सुईणबाई बसच्या दारातच उभी होती, म्हणून बस हलत नव्हती. मागच्या बसगाड्या हॉर्न वाजवून कान किटवत होत्या.

"सासूबाई म्हणतात, माझ्यामुळे गावात एक डोकं वाढेल," झेलिहा खिडकीतून पुटपुटली.

"वेळेवर मोकळी झाली तर दोन!" आतून सासू म्हणाली. बसभर हशा पिकला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, देशाची जनगणना होती. दिवसभर कुणी घराबाहेर पडायचं नाही. जो जिथे सापडेल तो तिथला, असा सरकारचा नियम. इस्तंबूलच्या कडेला वाढलेल्या कुमलुदेरे शहरात टेकडीवरच्या या मोहल्ल्याने ठरवलं की आपण सापडायचं ते मूळ गावी, बोझतेपेला. तिथे आता उरले होते म्हातारे आणि कबरी. कबरी मोजत नाहीत, हा सरकारचा कोतेपणा. डोकी कमी भरली तर गावाची नगरपालिका जाणार, म्हणून तिथल्या नगराध्यक्षाने फुकट बसगाड्या पाठवल्या होत्या आणि मेंढ्या कापायला काढल्या होत्या.

कुमलुदेरेच्या वेशीवर 'पुरातन नगरी' अशी पाटी आहे, तिच्यावर रोमन पुलाचं चित्र आहे. पूल कुणी पाहिलेला नाही. खरा इतिहास एवढाच, की काचेचा कारखाना आला, त्याच्या मागे बोझतेपेचा दुर्सुन आला. त्याने एका रात्रीत चार भिंती उभ्या करून वर पत्रा टाकला. मग त्याचे भाऊ, मेहुणे आणि अख्खं गाव. टेकडीवर नळाआधी पोरं आली आणि रस्त्याआधी कबरस्तान. हुरिये नवी होती तेव्हा अडलेल्या बाईला उखडलेल्या दारावर निजवून चिखलातून नेत. एक बाई त्या दारावरच गेली. त्यानंतर हुरियेने इतक्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, की दोन खोल्यांचा दवाखाना तिला कंटाळूनच मंजूर झाला. आता आरोग्य खात्याने कळवलं होतं: मोजणीत टेकडीवर माणसं कमी भरली, तर दवाखाना महामार्गापलीकडच्या नव्या इमारतींकडे जाईल.

"दुर्सुनकाका, तुम्ही मोहल्ल्याचे मुख्तार, निवडून दिलेले प्रमुख, आणि तुम्हीच निघालात?"

"मुख्तार इथला, बाई. पण माती तिथली ना!"

"आणि छातीत दुखलं तेव्हा? मातीकडे पळालात की माझ्याकडे?"

"चिडू नका हो. सोमवारी सगळे परत हजर. तुमच्यासाठी गावचं लोणी आणतो. दवाखाना काय पळून जातोय?"

"तो नाही पळत. तुम्ही पळताय!"

शेवटी ड्रायव्हरने "आई, सरका जरा" म्हणत तिला खांद्याला धरून बाजूला केलं. तोही तिच्याच हातांवर जन्मलेला. बसगाड्या गेल्या.

रविवारी टेकडीवर मांजरं तेवढी होती. मोजणीला आलेला ओक्ताय मास्तर घामाघूम होऊन हुरियेच्या खुर्चीत कोसळला.

"दोन-चार अंथरुणाला खिळलेले सोडले तर सगळी कुलपं. साथ आली होती का इथे?"

"हो. गावाच्या मायेची."

त्याने चहा संपवला. "घरात माणसं किती?"

"एक."

मास्तरने आवाज खाली आणला. "ताई, खालच्या मोहल्ल्यात एकेका खोलीत साठ-साठ माणसं निघाली. मुख्तार सांगत गेले, आमचा माणूस लिहीत गेला. तुम्हीही सांगा. माझं काय जातंय?"

हुरियेच्या तोंडात नावं गोळा झाली. आयांची, पोरांची, त्या पोरांच्या पोरांची. तोंड उघडलं की दवाखाना वाचत होता. आणि त्यात खोटं ते काय? ही माणसं इथे राहतात, याहून खरं त्या शहरात काही नव्हतं.

"ते तिकडे मटण खाऊन सांगताहेत, की आम्ही इथले नाही," ती म्हणाली. "मी त्यांना खोटं पाडणारी कोण? एक लिहा."

"ताई, रागाच्या भरात..."

"रागातच सांगतेय. ठळक लिहा."

हिवाळा संपताना दवाखान्याचं सामान न्यायला ट्रक आला, तेव्हा मात्र मोहल्ला लोटला. दुर्सुन ट्रकपुढे आडवा झाला. "खबरदार! एवढी माणसं राहतात इथे!"

"कुठे राहतात?" हुरिये पायरीवरून कडाडली. "सरकारी हिशेबाने या टेकडीवर एक सुईण आणि चार आजारी म्हातारे राहतात. त्यातलं कुणी गरोदर नाही!"

कुणी हसलं नाही. दुर्सुन उठला, विजारीची धूळ झटकत बाजूला झाला.

झेलिहा बसगाड्या निघाल्या त्या शनिवारी वाटेतच, एका पेट्रोल पंपावर मोकळी झाली होती. रविवारी मायलेकी जवळच्या इस्पितळात होत्या, म्हणून दोघी त्या तिसऱ्याच गावच्या लोकसंख्येत जमा झाल्या. आता पलीकडे गेलेल्या दवाखान्यात लेकीला लस टोचायला ती महामार्गाच्या कडेला उभी होती. तिथे पादचारी पूल नाही. ट्रकांची रांग तुटत नव्हती.

दवाखान्यात कामावर निघालेली हुरिये शेजारी येऊन थांबली. सामानाचा ट्रक गेला त्या दिवसापासून ती टेकडीवरच्या कुणाशी अवाक्षर बोलली नव्हती.

"सुईणबाई..." झेलिहाने सुरुवात केली.

हुरियेने तिच्याकडे पाहिलं नाही. पोर तिच्याकडून घेऊन आपल्या कोटात धरली, मोकळा हात उंच केला आणि सरळ रस्त्यात उतरली. पहिला ट्रक करकचून थांबला. ड्रायव्हरने शिवी हासडली. ती हात तसाच वर धरून, झेलिहा मागून येईपर्यंत मधोमध उभी राहिली.