कुणीही दार उघडू नका

त्या दिवशी पहिलाच फोन आला, पलीकडची मुलगी सरळ बोलली, म्हणून मौलाली मास्तरांनी ट्रंपेट फोनला लावून 'पों' केलं आणि फोन कापला. स्टुडिओत सगळे खळखळून हसले.

मुलगी म्हणाली होती, "मला बाहेर काडा."

कार्यक्रमाचा नियमच तसा होता. 'पालथा तास' असं त्याचं नाव. सोलापुरातल्या एका केबलवाल्याच्या चॅनेलवर तो मे महिन्याच्या सुटीत संध्याकाळी पाचला थेट लागायचा. टेबल पाय वर करून ठेवलेलं, खुर्ची छताला टांगलेली, आणि मधोमध लग्नाच्या बँडमधले मौलाली मास्तर, अंगात जरीचा लाल कोट मागचा पुढे करून घातलेला. सुरुवातीला ते "चला, येतो आता" म्हणायचे आणि शेवटी "या, बसा." मुलांनी फोन करायचा आणि बोलायचं ते सगळं उलटं. जो सरळ बोलेल त्याला पों. आयांनी सुटीत मोबाइल काढून घेतले होते, त्यामुळे मुलं नाइलाजाने टीव्हीसमोर आली आणि बघता बघता शहरभर उलटं बोलायला लागली. जेवण झालं का विचारलं तर नाही म्हणायची आणि ढेकर द्यायची.

मास्तरांनी चॅनेलचा फोन नंबर वरातीच्या एका चालीवर बसवला होता. ज्या पोरांना स्वतःच्या बापाचा नंबर येत नव्हता, त्यांनाही तो तोंडपाठ होता. या गोष्टीचा चॅनेलचे मालक शिवकुमार यांना फार अभिमान वाटायचा. त्या संध्याकाळी पावणेसहापर्यंत वाटत होता.

पों झाल्यावर शास्त्रीनगरच्या हमजाचा फोन आला. त्याने आपल्याला मटण मुळीच आवडत नाही असं सांगितलं आणि शाबासकीची तान मिळवली. मग एका मुलीने आपले वडील फार शांत आहेत असं सांगितलं. मागून वडिलांचा आवाज आला, तोही सगळ्यांनी ऐकला. मग पुन्हा पहिल्या मुलीचा फोन.

"मास्तर, मी लई मजेत हाय," ती म्हणाली.

"अरे वा! म्हणजे रडतीस वाटतं!"

"हितं लई गार हाय. हितं लई वारं हाय."

"बघा, आता कशी शिकली! पहिला सरळ बोलत होती," मास्तर कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले. "नाव काय नाही तुझं?"

"माझं नाव दानेश्वरी न्हाय. मला बाहेर काडू नका, मास्तर. मला अजिबात भ्या वाटत न्हाय."

काचेपलीकडून शिवकुमारांनी अंगठा वर केला. मास्तरांनी शाबासकीसाठी ट्रंपेट उचललं, ओठाला लावलं, आणि फुंकलंच नाही.

चाळीस वर्षं ज्याने फुंकून पोट भरलं त्याला दुसऱ्याचा श्वास ऐकू येतो. ही मुलगी दोन शब्दांच्या मध्ये श्वास घेत होती. वाक्याच्या मध्ये नव्हे, शब्दांच्या मध्ये. वरातीत म्हातारा वाजवणारा उन्हात कोसळायच्या आधी असाच श्वास घेतो. मास्तरांनी तो दोनदा ऐकला होता, आणि दुसऱ्या वेळी तो त्यांच्या सख्ख्या भावाचा होता.

"बेटा," ते म्हणाले, "तू कुठं हाईस?"

"मी गाडीत न्हाय."

स्टुडिओत पुन्हा हशा झाला. कॅमेऱ्यामागचा प्रभुलिंग मात्र हसला नाही, कारण त्याने मास्तरांचा चेहरा जवळून पकडला होता आणि त्या चेहऱ्यावरची पावडर घामाने गालावरून खाली येत होती.

"दानेश्वरी, नीट ऐक. आता सरळ बोल. सरळ बोललीस तरी मी पों करणार नाही. आल्ला कसम."

मग ती घाईघाईने म्हणाली, "न्हाय न्हाय, मी सरळच बोलते की! हितं लई गार हाय, लई गार हाय!"

मास्तरांनी ट्रंपेट खाली ठेवलं. त्यांनी जे सांगितलं, ते तिने नियमाप्रमाणे ऐकलं होतं. सरळ बोल म्हणजे उलटं बोल. पों करणार नाही म्हणजे करणार. आणि पों झालं की फोन कापतात, हे तिला एकदा कळलेलं होतं. आता मास्तर जितकं समजावतील तितकी ती आणखी घट्ट नियमाला धरून बसणार होती.

"मेरी मा," मास्तर पुटपुटले. "इसको कैसे समझाऊँ?"

तेव्हा प्रभुलिंग कॅमेरा तसाच सोडून पुढे आला. त्याचं घर अक्कलकोटकडचं. मुलीच्या मराठीला त्याच्या आईच्या मराठीसारखा हेल होता. तो फोनवर वाकला आणि कानडीत म्हणाला, "एल्ली इद्दी, तंगी?"

कुठं आहेस, बहिणी. एवढंच. पण कानडीत खेळ नव्हता, कानडी घरात बोलायची.

मुलीने हंबरडा फोडला. "कारिन्याग अदीनि, अण्णा!" आणि त्यापुढे जे भडाभडा बाहेर आलं ते प्रभुलिंग तुकड्यातुकड्याने मराठीत सांगत गेला, आणि त्याचा आवाज खाली खाली जात राहिला.

"गाडीत हाय म्हणते. लपाछपी खेळताना बसली. जुनी गाडी. दाराला आतून हँडलच न्हाय. काचा खाली येत न्हाईत. पांढरी गाडी. कुंभारी. कुठल्यातरी शेडच्या मागं, वर पत्रा न्हाय, ऊन हाय. दुपारपासून. पोरं शोधून गेली घरी. आई वळलेल्या विड्या कारखान्यात द्यायला गेली, बाप ट्रकवर. फोन जुना हाय, खेळायला दिलेला, बटणांचा, त्यात कुणाचं नाव न्हाय. तिला हाच एक नंबर येतो."

"कुठली शेड? विचार, कुठली शेड?"

प्रभुलिंगने विचारलं. पलीकडून एक बारीक टुंग असा आवाज आला, बॅटरी संपताना येतो तसा, आणि लाइन गेली.

बाहेर रस्त्यावर डांबर अजून बुटाला चिकटत होतं. बंद गाडीच्या आत काय असेल, याचा विचार स्टुडिओतल्या प्रत्येकाने केला.

शिवकुमारांनी पोलिसांना फोन लावला. तिकडच्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं.

"मुलगी नेमकं काय म्हणाली?"

"पहिल्यांदा म्हणाली बाहेर काढा. तेव्हा आम्ही फोन कापला."

"का?"

"सरळ बोलली म्हणून."

"बरं. मग?"

"मग म्हणाली बाहेर काढू नका."

"साहेब, तुम्ही कुठून बोलताय? हे मस्करीचं काही आहे का?"

"मस्करीचंच आहे हो, पण खरं आहे!" शिवकुमार ओरडले. तो माणूस भला होता, त्याने गाडी पाठवतो म्हटलं. पण कुंभारी म्हणजे घरकुलांच्या रांगाच रांगा, शेडी, गॅरेजं, रिकामे प्लॉट. गाडी पोचणार कधी आणि शोधणार काय?

"मास्तर, जाहिरात लावू का?" शिवकुमारांनी काचेतून हात जोडून विचारलं.

"नक्को. लाइव राहू द्या."

मास्तरांनी डोक्यावरची बँडची टोपी काढली. कोट काढून फेकला. नुसत्या बनियनवर कॅमेऱ्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "पोरांनो, खेळ संपला. कुंभारीत एक पोरगी पांढऱ्या गाडीत अडकली हाय. जीव जाईल तिचा. कुंभारीतल्या सगळ्यांनी बाहेर पळा, शेडच्या मागं बघा, गाडीचं दार उघडा. पळा!"

लगेच फोन वाजला. कुंभारीची आयत नावाची मुलगी होती, दर दोन दिवसांनी फोन करणारी.

"मास्तर, आम्ही लगीच निघालो!" ती खिदळत म्हणाली. "सगळे निघालो, ही बघा, चप्पल घालतोय!"

मागे दहा-बारा पोरं हसत होती. मास्तरांनी ऐकलं. एकाही चपलेचा आवाज नव्हता.

"आयत, खरं सांगतोय, बेटा! पोरगी मरेल!"

"म्हंजे मरणार न्हाय!" पोरांनी एकसुरात ओरडून दाखवलं. बनियनवरचे मास्तर त्यांना आजवरचे सगळ्यात विनोदी मास्तर वाटत होते. मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा तर कुणीतरी टाळ्याच वाजवल्या.

मास्तरांनी एकदा छताला टांगलेल्या खुर्चीकडे बघितलं. मग त्यांनी कोट उचलून पुन्हा मागचा पुढे करून घातला, डोळे पुसले, आणि दात आवळून हसले. प्रभुलिंगने नंतर सांगितलं की इतकं भयानक हसू त्याने कॅमेऱ्यातून कधी पाहिलं नव्हतं.

"चला पोरांनो, आता सरळ बोलतो," मास्तर गोड आवाजात म्हणाले. "नीट ऐका. कुणीही घराबाहेर पडू नका. कुंभारीत कुठंच पांढरी गाडी न्हाय. शेडच्या मागं तर अजिबात बघू नका. आत एक पोरगी मजेत बसली हाय, तिला तशीच राहू द्या. कुणीही दार उघडू नका. काच फोडू नका. मोठ्या माणसांना सांगू नका. जो सगळ्यात हळू चालेल तो जिंकला!"

आयतचा फोन चालूच होता. पलीकडे एकदम धडधड झाली, भांडं पडलं, कुणीतरी कुणावर ओरडलं, आणि मग नुसता टीव्हीचा आवाज ऐकू येऊ लागला. टीव्हीतून मास्तरांना मास्तरच ऐकू येत होते. खोलीत कुणी उरलं नव्हतं. मास्तरांनी लाइन कापली.

त्यानंतर बराच वेळ एकही फोन आला नाही. बघायला कुणी बसलेलंच नव्हतं. शहरात त्या वेळी जिथे जिथे पांढरी गाडी उभी होती, तिथे तिथे पोरांची झुंड पोचली होती. एका दवाखान्यासमोर एक गृहस्थ गाडीत डुलकी काढत होते, त्यांना पाय धरून बाहेर ओढण्यात आलं. पण हे सगळं नंतर कळलं. तेव्हा पत्र्याच्या त्या स्टुडिओत कॅमेऱ्यावरचा लाल दिवा होता, आणि मास्तरांचं हसू. ते चेहऱ्यावरून काढायची त्यांना हिंमत होत नव्हती. एखादं पोर अजून बघत असलं तर? मास्तर गंभीर झाले म्हणजे उलटं, म्हणजे गंमत, म्हणजे परत फिरा. म्हणून ते दात दाखवत उभे राहिले आणि मनात जे काय म्हणायचं ते म्हणत राहिले.

आणि त्यांना दुसरी भीती शिवली. एखाद्या पोराने आजच नव्याने टीव्ही लावला असेल तर? ज्याला नियमच ठाऊक नाही? ते पोर गाडीजवळ उभं असेल, आणि त्याने ऐकलं असेल, दार उघडू नका?

फोन वाजला.

"मास्तर!" आयतचा आवाज, कुणाच्यातरी मोबाइलवरून, धापा टाकणारा. "सापडली न्हाय! मास्तर, दानेश्वरी सापडली न्हाय!"

प्रभुलिंग मास्तरांकडे बघायला लागला, मास्तर फोनकडे.

"आयत," मास्तर हळू म्हणाले, "हे सरळ की उलटं?"

"सरळ!" आयत म्हणाली.

ती हसत होती की रडत होती, कळेना. श्वास धावून आल्याचा होता, त्यात काही ओळखू येईना. मास्तरांनी विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. ज्या शब्दाने विचारणार, तो शब्द तिकडे पोचेपर्यंत कुठल्या अंगावर पडेल याचा भरवसा उरला नव्हता.

"तिला दे," ते शेवटी म्हणाले. "फोन तिच्या तोंडाशी धर. काही बोलू नको. नुसता धर."

खरखर झाली. बऱ्याच माणसांचा गलका आला, एक बाई "पाणी हळू पाज, हळू" म्हणाली. त्याच्या मागून आधी काहीच नाही, मग एक उचकी, मग रडणं आलं. कोरडं, चिडकं, घसा बसलेलं. एका श्वासात लांबलचक चाललेलं, शब्दाशब्दाला न तुटणारं.

मास्तर पाय वर केलेल्या टेबलाच्या दोन पायांच्या मध्ये जाऊन बसले. कोट तोंडावर घेतला. काचेपलीकडून शिवकुमार खुणा करत होते की अजून कार्यक्रमाची वेळ बाकी आहे.

दानेश्वरीला दोन दिवस सलाइन लावलं, मग घरी सोडलं. तोपर्यंत मास्तरांची क्लिप मुंबईच्या पलीकडे पोचली होती. 'लहान मुलगी मरणाच्या दारात, आणि हसत हसत म्हणतो दार उघडू नका.' लोकांनी ती पाहिली, मास्तरांचे दात पाहिले, आणि खवळले. चौकशी आली. चौकशीला आलेल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा ऐकून घेतलं, आणि चष्मा पुसून म्हणाल्या की मला समजलं आहे, पण हे लिहायचं कसं ते समजत नाही. 'पालथा तास' बंद झाला. दोन महिनेही चालला नाही. शिवकुमारांनी त्या वेळेत भजनं लावली.

मास्तर बँडमध्ये परत गेले. वाजवतात अजून तसंच, सूर कुठे हलत नाही. फक्त वरात चालली असताना रस्त्याकडेला उभी गाडी दिसली की ते रांगेतून बाहेर पडतात. ट्रंपेट काखेत धरतात, दोन्ही हात डोळ्यांच्या बाजूला लावतात आणि काचेला नाक टेकवून आत बघतात. पुढची सीट, मागची सीट, सीटच्या खालची जागा. पांढरीच पाहिजे असं नाही. दोनदा गाडीमालकांनी चोर म्हणून दंड धरला, एकदा एक लग्न सुराशिवाय देवळापाशी पोचलं.

परवा जुळे सोलापुरात बँड वळणापुढे गेला, घोडा गेला, नाचणारी पोरं गेली, आणि मुलीकडचा एक माणूस घाम पुसत मागे पळत आला.

"ओ मास्तर! नवरदेव पुढं गेला की! काय बघताय तितं?"

काच काळी होती. मास्तरांनी ती बाहीने पुसली, पुन्हा डोळे लावले.

"तुमी चला," ते म्हणाले. "एवढी एक बघून येतो."