नावाड्याचा जुळा भाऊ

मी एक जुना माइक आहे, मित्रांनो. खोनकेन शहरात प्रानोमबाईंच्या कपाटात, घडी घातलेल्या रेशमी लुंग्यांच्या मागे माझा मुक्काम असतो. माझी जाळी गंजली आहे, वायर कुणीतरी कपडे वाळत घालायला नेली आणि डोक्याला एक पोचा आहे. तो पोचा एका पुढाऱ्याने भाषण करताना मला टेबलावर आपटल्याचा आहे. भाषणही भिकार होते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. शुद्ध आली तेव्हा मी बँकॉकच्या चोरबाजारात, एका बंद पडलेल्या घड्याळाच्या आणि शिलाई यंत्राच्या मध्ये बसलो होतो. तिथून मला वीरत नावाच्या सडपातळ माणसाने घेतले. त्यासाठी त्याच्या बायकोच्या, म्हणजे प्रानोमबाईंच्या गळ्यातली सोन्याची साखळी गेली. एक वेळ सोडली, तर बाईंनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. पण मला पुसताना त्या जरा जास्तच दाबून पुसायच्या.

वीरत सिनेमात बोलायचा. म्हणजे सिनेमात दिसायचा नाही. त्या काळी आमच्याकडच्या फिल्मवर आवाजच नसे. पडद्यावर माणसे नुसती तोंडे हलवायची आणि शेजारी बसून एक माणूस त्या सगळ्यांचे बोलायचा. नायक वीरत, नायिका वीरत, खलनायक वीरत, नायिकेची खोकणारी आईही वीरतच. विनोदी नोकर मात्र ज्या गावात खेळ असेल त्या गावची बोली बोलायचा, त्यामुळे प्रत्येक गावाला तो आपलाच वाटायचा.

ट्रक, प्रोजेक्टर आणि जनरेटर एका औषध कंपनीचे होते. सिनेमा फुकट, औषधे विकत. त्या वेळी शहरातल्या थिएटरचे तिकीट तीन बाथ असायचे आणि दिवसभर भात कापून मजुराला पाच-सहा बाथ सुटायचे. एका बाथला शेवयांचा वाडगा यायचा, पंचवीस सतांगला, म्हणजे पाव बाथला, सरबत घातलेल्या किसलेल्या बर्फाचा गोळा. मग शहरात जाऊन सिनेमा कोण बघणार? आमचा ट्रक गावात शिरला की बायका डोक्याला तेल लावायच्या आणि पोरे दुपारपासूनच विहाराच्या आवारात चटया टाकून जागा अडवायची. तरुण मंडळी नटासारखा कोंबडा काढून यायची. त्या कोंबड्याला लागणारी पोमेडची डबीसुद्धा आम्हीच विकायचो.

रंगात आलेला सिनेमा वीरत अचानक थांबवायचा. "मंडळी, नायिका पाण्यात पडलीय! पोहता येत नाही बिचारीला. जंताच्या औषधाच्या वीस बाटल्या खपल्या की लगेच बाहेर काढतो!"

"बुडू दे तिला!" मागून कुणीतरी ओरडायचे. "गेल्या वर्षी पण बुडली होती, काय झालं?"

"अरे, पण तुझे जंत पण गेल्या वर्षीचेच आहेत ना?"

हशा व्हायचा. प्रानोमबाई गळ्यात पेटी अडकवून चटयांमधून फिरायच्या. जंताचे औषध दोन बाथ, मलमाची डबी एक बाथ, डोकेदुखीची पुडी पन्नास सतांग. वीस बाटल्या खपायच्या आणि नायिका वाचायची.

एक गोष्ट सांगायची राहिली. मी आयुष्यात एकही सिनेमा पाहिलेला नाही. माझे तोंड कायम वीरतकडे आणि पाठ पडद्याकडे. तिकडे काय चालले आहे ते मला त्याच्या चेहऱ्यावरून आणि त्याने रात्री खाल्लेल्या लसणाच्या वासातून समजून घ्यावे लागे. मला त्याचे कधी वाईट वाटले नाही.

आता मुख्य गोष्ट. बुद्धसंवताची अडीच हजार वर्षे पूर्ण झाली त्या वर्षीची, म्हणजे तुमच्या १९५७ सालची, भाताची कापणी आटोपल्यानंतरची. आमच्याकडे एका नावाड्याचा सिनेमा होता. नावाडी आणि एक मुलगी प्रेमात पडतात, जत्रेत फिरतात, तो तिच्या केसांत फुले माळतो. शेवटच्या भागात सावकाराची माणसे त्याला गोळी घालतात. चिता पेटते, मुलगी रडते, सिनेमा संपतो. फिल्मचे चार डबे. प्रोजेक्टर चालवायला पानकाका होते. त्या रात्री त्यांना ताप होता. त्यांनी दुसऱ्या डब्यानंतर चौथा लावला.

नावाडी मेला. चिता पेटली. वीरतही गोंधळला होता, पण त्याने हुंदके देऊन वेळ निभावली. औषधविक्री झाली आणि पानकाकांनी तिसरा डबा लावला. आणि मेलेला नावाडी नायिकेच्या चुलीपुढे बसून मजेत भात खाऊ लागला!

वीरत एकदा खाकरला. मग त्याने एक नवाच, थोडा कोवळा आवाज काढला. "घाबरू नका. मी तो नाही. मी त्याचा जुळा भाऊ. काल रात्रीच दक्षिणेकडून आलोय."

सगळ्या आवाराने एकदम श्वास सोडला. मग काय विचारता! जत्रा झाली, फुले माळून झाली, जुळ्या भावाने भावजयीचे दुःख हलके केले आणि दोघे नावेत बसून हसत निघून गेले. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मलमाची एक डबी शिल्लक राहिली नाही. पानकाका थरथरत म्हणाले, "चुकलं रे पोरा." वीरत म्हणाला, "काका, असंच चुकत जा."

दुसऱ्या दिवशी आम्ही तीन कोसांवरच्या गावात तळ ठोकला. दुपारीच कालच्या गावातल्या चार-पाच बैलगाड्या येऊन थडकल्या. त्यांतून लामदुआन नावाची एक तरुण विधवा उतरली आणि थेट प्रानोमबाईंकडे आली. मी ट्रकच्या फळीवर होतो.

"ताई, आज पण तो जुळा भाऊ येणार ना?"

"का गं? एवढी आवडली गोष्ट?"

लामदुआनने मान खाली घातली. मग हळूहळू सगळे सांगितले. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी नदीत बुडून गेला होता. धाकटा दीर सुवान तिची शेती कसत होता, तिच्या लेकराला खांद्यावर घेऊन फिरत होता. दोघांचे मन जुळले होते. गावाची हरकत नव्हती. हरकत होती तिच्या आईची, चांती आजीची. थोरल्याच्या चटईवर धाकटा निजला तर थोरल्याचे भूत चिडेल आणि नातवाला घेऊन जाईल, अशी भीती म्हातारीच्या मनात घट्ट बसली होती. नातवाला साधी शिंक आली तरी ती सुवानला अंगणातून हाकलायची. येत्या पावसाळ्याआधी लग्न ठरले नाही तर सुवान रबराच्या मळ्यात कामाला दक्षिणेला निघून जाणार होता.

"काल आई नातवापाशी घरी बसली होती. आज सगळ्यांनी मिळून तिला गाडीत घातलंय. म्हटलं, एकदा डोळ्यांनी बघू दे. सिनेमात होतं तर आपल्यात का नाही होणार?"

प्रानोमबाईंनी वीरतला सांगितले. तो खूश होऊन म्हणाला, "मग काय, काकांना पुन्हा ताप येऊ दे!"

पण तेवढ्यात मोटरसायकल फटफटत कंपनीचा साहेब आला. कालच्या प्रकाराची बातमी त्याच्याही कानावर गेली होती. त्याने चारही डब्यांवर खडूने आकडे टाकले आणि प्रोजेक्टरशेजारी खुर्ची मांडून घेतली. "संवाद लिहून दिलेत तेवढेच बोलायचे, वीरत. सिनेमावाल्यांनी आम्हाला तंबी दिलीय. एक शब्द इकडचा तिकडे झाला, तर हा ट्रक उद्या दुसऱ्याला देतो. बोलणारे रस्त्यावर पडलेत."

जेवताना वीरतने भाताची टोपली बाजूला सारली.

"आता मी काय करू? मी काय देव आहे?"

"देव नाही," प्रानोमबाई भाताची टोपली त्याच्यापुढे सरकवत म्हणाल्या. "पण माइक तुमच्या हातात आहे."

"आणि उद्या खायचं काय?"

"ते मला विचारू नका. गळ्यातलं विकून माइक घेतला तेव्हा तुम्ही मला विचारलं होतं का?"

इतक्या वर्षांत साखळीचा विषय निघाला तो हा एवढाच.

खेळ सुरू झाला. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. डबे शहाण्यासारखे ओळीने लागले. वीरत कागदावरचे अक्षरन् अक्षर बोलला. नावाड्याला गोळी लागली तेव्हा कालच्या गावची माणसे कुजबुजू लागली, "थांबा, आता भाऊ येईल." भाऊ आला नाही. चिता पेटली. कागदावरचे संवाद संपले. प्रानोमबाई पेटी घेऊन उभ्या होत्या आणि त्यांनी वळून वीरतकडे पाहिले. त्याच्या डोळ्यांत पडद्याचा उजेड हलत होता. पडद्यावर बहुधा आता नुसता धूर आणि नदी असावी, कारण कुणाचेही तोंड हलत नसताना वीरत जसा ओठ मिटून बसे, तसा तो बसला होता.

मग त्याने मला जवळ ओढले, इतके की त्याचे ओठ माझ्या जाळीला लागले. आवाज नावाड्याचा होता, पण खूप लांबून आल्यासारखा.

"मी चाललो. रागावून नाही चाललो. माझी चटई गुंडाळून ठेवू नका. माझा धाकटा भाऊ आहे, त्याला तिच्यावर बसू द्या. माझ्या लेकराला त्याच्या खांद्यावर बघितलं की मला बरं वाटतं. आई, तुम्ही भिऊ नका. मी कुणाला न्यायला येणार नाही."

फिल्म संपली. पांढऱ्या पडद्यावर पाखरे भिरभिरत असतील. कुणीही उठले नाही. मग चटयांमधून एका म्हातारीचा खणखणीत आवाज आला, "ऐकलं का रे सुवान? उद्या घरी ये. मेलेला माणूस खोटं कशाला बोलेल?"

साहेब मात्र जिवंत होता आणि त्याने शब्द पाळला. दुसऱ्या दिवशी ट्रक, प्रोजेक्टर आणि पानकाका दुसऱ्या जोडप्याबरोबर गेले. जाताना पानकाकांनी डोळे पुसले. मी वीरतच्या मालकीचा होतो, म्हणून मागे राहिलो.

पुढची वर्षे साधीच गेली. वीरत खोनकेनच्या बसस्थानकावर माझ्यातूनच गाड्यांची नावे पुकारू लागला. प्रानोमबाईंनी त्याच्या खिडकीशेजारी शेवयांची गाडी टाकली. हळूहळू सिनेमे स्वतःच बोलू लागले आणि ट्रकवाल्या सिनेमात बोलणारे दिसेनासे झाले. वीरतला कंटाळा आला की तो उदोनची बस नायिकेच्या आवाजात पुकारायचा. प्रवासी दचकायचे.

एके दिवशी चांती आजी प्रानोमबाईंच्या गाडीवर शेवया खायला बसली. बरोबर थोरला नातू होता आणि कडेवर एक नवी नात. म्हातारीने प्रानोमबाईंना ओळखले. हालहवाल झाली. मी खिडकीतच सुरू होतो, त्यामुळे सगळे मला ऐकू येत होते आणि खिडकीत बसलेल्या वीरतलाही.

प्रानोमबाई चाचरत म्हणाल्या, "आजी, एक सांगू? त्या रात्री ते जे बोलणं झालं ना..."

"तुझा नवरा बोलला," आजी शेवया ओढत म्हणाली. "मला काय कळत नव्हतं होय? माझा जावई तोतरा होता. जन्मात एवढं सरळ बोलला नाही कधी."

"मग तुम्ही..."

"अगं, मी सगळ्या गावासमोर दोन वर्षं नाही नाही म्हणत बसले होते. माझं मन कधीच वळलं होतं. पण हो म्हणायला तोंड कुठे होतं? चार लोकांसमोर कुणीतरी बोलायला हवं होतं. तो बोलला, माझी सुटका झाली."

वीरतने उदोनची बस पुकारायला तोंड उघडले. कुणाचाच आवाज निघाला नाही, ना नायकाचा ना नायिकेचा. त्या दिवशी उदोनची बस न पुकारताच सुटली.

मित्रांनो, कधी एखादा माइक तुमच्या हाती आला, तर त्यात फुंकर मारू नका आणि बोटाने टकटक करू नका, आम्हाला लागते. ओल्या जागी ठेवू नका, गंज चढतो. आणि समोर बसलेल्यांत कुणीतरी एखादाच शब्द ऐकायला बैलगाडीतून लांबून आलेले असते. तो शब्द तुम्हाला ठाऊक असेल, तर गिळू नका.