तीन दिवस गप्प बसलेलं दुखणं

भिंगरी हॉस्पिटलात येऊन चार दिवस झाले, तरी ताप हटायचं नाव घेईना. आधी हुडहुडी भरायची, दोन पांघरुणांखाली ते आठ वर्षांचं अंग लटलट कापायचं. मग असं तापायचं की आईचा तळवा पोळावा. डोळ्यांच्या पांढऱ्यावर पिवळी झाक चढली होती, आणि एरवी घरभर गरगरणारी पोर उशीवर मान टाकून पडली होती.

डॉक्टरबाईंनी कागदावर चित्र काढून दाखवलं. "हे अपेंडिक्स. करंगळीएवढं शेपूट. ते सुजलं आणि फुटलं. आतड्यांचं रक्त यकृतात नेणारी एक मोठी शीर असते, तिच्यात तो संसर्ग शिरला. शिरेत गुठळी झाली, आणि यकृतात पुवाचे तीन फोड."

"पण पोट दुखतंय असं ती एकदाही म्हणाली नाही हो!"

"दुखलं असणारच. काही गोळ्या दिल्या होत्या? अर्धवट औषधाने जंतू दबतात, मरत नाहीत. तपासणीतही सापडत नाहीत. आता चालू औषधाला दाद देत नाहीयेत. पोटात काय गेलंय ते कळलं, तर पुढचं नेमकं निवडता येईल."

"एक गोळी नाही. शपथेवर सांगते."

पुस्तकं बांधण्याचं आईचं काम. एक पान उलटं लागलं तरी बोटांना कळायचं. स्वतःच्या लेकीचं दुखणं कळणार नाही? डॉक्टरबाई गेल्या, आणि भिंगरीने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"आई, रागावणार नाहीस ना?"

"नाही गं राणी."

"मावशीने दिल्या होत्या. दुकानात. तीन दिवस. मग दुखायचं थांबलं. मावशी म्हणाली, आईच्या डोक्यावर कामाचा डोंगर आहे, तिला नको सांगायला. आपलं गुपित."

आई उठली. पायांखालून जमीन सरकते म्हणतात, तिची तर पाठीमागची भिंतही गेली. आई-वडिलांच्या माघारी याच थोरल्या बहिणीने तिला न्हाऊमाखू घातलं होतं, हिच्याच भरवशावर भिंगरी शाळेतून सुटली की मावशी कामाला होती त्या औषधांच्या दुकानात जाऊन बसायची. आणि कालच तर फोनवर विचारलं होतं, "ताई, तुझ्याकडे असताना तिला काही झालं होतं का गं?" ताई म्हणाली होती, "छे! ठणठणीत होती."

भिंगरीच्या बाबांना खाटेपाशी बसवून ती तडक दुकानात गेली. ताई कुणाला तरी खोकल्याचं औषध देत होती.

"अगं, तू इथे? पोरीपाशी कोण आहे?"

"कुठल्या गोळ्या दिल्यास तिला?"

"कसल्या गोळ्या?" ताईने बाटली पिशवीत घातली. "हळू बोल. मालक आत आहेत."

"ऐकू देत की! भिंगरीने सगळं सांगितलंय."

गिऱ्हाईक पिशवी उचलून मुकाट्याने निघून गेलं. ताईने काउंटरखालचा पत्र्याचा डबा पुढे ओढला. लोकांनी परत आणून टाकलेल्या, उरलेल्या गोळ्यांची पाकिटं. "वाटलं, अरबटचरबट खाल्लं असेल. दुखण्याची एक, जंतूंची एक. पाचाच्या जागी तीनच दिवसांच्या उरल्या होत्या. पण तिला बरं वाटलं होतं गं! उड्या मारत होती."

"ते चुकून झालं असं धरते. काल काय झालं होतं? काल मी विचारलं तेव्हा?"

ताईने डब्याचं झाकण लावलं. मग खाली बघत म्हणाली, "चिठ्ठीशिवाय दिल्या असं कळलं, तर मालक दारात उभं करणार नाहीत मला."

"तिच्या यकृतात पू आहे, ताई. आणि तू नोकरी सांभाळत बसलीस."

ताईने दोन नावं लिहून दिली, कितीची गोळी, दिवसातून कितीदा तेही. धाकटीने तिथूनच फोन लावून डॉक्टरबाईंना ती वाचून दाखवली. पलीकडून घाईचा आवाज आला, "बरं झालं सांगितलंत. औषध बदलते. दुपारी सुईने पू काढू. वाचेल असं आत्ता छातीठोक नाही सांगत, पण हातात काहीतरी आलंय."

मालक दारात येऊन उभे होते. ताईने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. "मी येते तुझ्याबरोबर."

"ये. तुझ्या तोंडाने डॉक्टरबाईंना सांग सगळं." धाकटीने कागदाची घडी घातली. "पण यापुढे पोरीजवळ एकटी बसायचं नाहीस."

"तू मला असं म्हणतेस?"

"हो, ताई. तुलाच."

आणि ती पायऱ्या उतरू लागली.